माडाला बांधलेली होडी

आमच्या खाडीच्या दोन काठांत अंतर एवढंच, की पलीकडे भांडण लागलं तर अलीकडे त्याचा विषय कळतो. पण होडी नसली की पलीकडच्या वाडीतल्या माणसाला मालवणच्या बाजाराला यायला वरच्या पुलापर्यंत चालावं लागे, दोन एसट्या बदलाव्या लागत, आणि त्यात अर्धा दिवस जाई. होडीने माणसं पार करणारा जुना तरीवाला म्हातारपणी थांबला, त्याच्यामागे कुणी आलं नाही. लोकांनी अर्ज केले. पायी जायला साकव द्या, होडी द्या, ते जमत नसेल तर एसटीची एक फेरी तरी वाढवा. अर्ज गेले ते गेलेच. त्या सगळ्या वर्षांत ही खाडी आपल्या मालकीची आहे, हे सरकारला एकदाही आठवलं नाही.

आठवलं ते माझी होडी चालायला लागल्यावर.

मी तोवर रेडीला खनिज भरणाऱ्या बार्जवर कामाला होतो. अंघोळ करूनही टॉवेल लाल व्हायचा, असं ते काम. नव्याण्णव साली ते सोडून घरी आलो आणि मिठबावच्या एका माणसाकडून जुनी होडी घेतली. दोन दिवस त्याच्या ओट्यावर बसून घासाघीस केली. शेवटी त्याच्या बायकोनेच आतून सांगितलं, "देवन टाका ओ, नायतर ह्यो आता ऱ्हवाकच येतलो." होडी माझ्या पैशाने आली. कर्ज नव्हतं, अनुदान नव्हतं, कुठल्या योजनेचा निळा बोर्ड तिच्यावर नव्हता.

पलीकडून बोलणी करायला आली ती एक मासे विकणारी बाई. वाडी तिला काकी म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. टोपली खाली न ठेवताच तिने सुरुवात केली.

"दर खेपेक पैसे घेतलंस तर आमका परवाडणार नाय. घरामागे वर्साचा भात घे."

"दोन पायली," मी म्हटलं.

"दोन? मगे होडीत पंखो लावतलंस काय रे?"

"बरा, एक. पण तुमची मासेवाल्यांची शेती खंय आसा, काकी? तुमी काय देतलास?"

"माजी शेती दर्यात. बाजारात जाताना एक मासो टाकतलंय तुज्या होडीत. कंचो टाकूचो ता मी ठरवतलंय. आणि आयक, कुकारो घातलो की येवक व्हया. जेवतंय, निजलंय, असा सांगूचा नाय."

कुकारा म्हणजे काठावर उभं राहून तोंडाला हात लावून घातलेली लांब हाळी. भात देणाऱ्या घराच्या माणसाने कुकारा घातला की मी निघायचं, हा आमचा करार. त्या घरचा पाहुणा, हायस्कुलात जाणारी मुलं, माहेरपणाला आलेली लेक, सगळी त्याच एका पायलीत. काकी मला रोज सगळ्यांत लहान मासा टाकी आणि मी रोज तो उचलून तिच्यासमोर धरत असे. "ह्येका आवस-बापूस आसत काय? परत सोडूया?" ती हसायची आणि टोपलीतून आणखी एक फेकायची. भाव असा ठरतो. दोघांनाही उठून जायची मोकळीक असते आणि दोघंही उठत नाहीत. त्यासाठी खुर्चीवर तिसरा माणूस बसवावा लागत नाही.

तीन-चार वर्षं हे सुरळीत चाललं. सुरळीत चाललं, हाच गुन्हा झाला. एक दिवस होडीत एक कारकून बसला, इकडेतिकडे बघू लागला आणि मध्यावर आल्यावर म्हणाला, "परवाना कुठे लावलाय?" पुढच्याच महिन्यात मला बंदराच्या कचेरीत बोलावणं आलं.

तिथल्या साहेबाचं टेबल एवढं मोठं होतं, की त्याच्यावर माझी होडी उलटी घालून डांबर मारता आलं असतं.

"खाडी शासनाची आहे," साहेब म्हणाले.

"भरती-ओहोटी पण?" मी विचारलं.

"वाद घालू नका. ही विनापरवाना प्रवासी वाहतूक आहे. तरीच्या वर्षाच्या मक्त्याचा लिलाव होईल. तुम्हीही बोली लावा, कोणी अडवलंय?"

म्हणजे गिऱ्हाइकं मी जमवली, होडी माझी, वल्ही माझी, हाताला घट्टे माझे, आणि ते सगळं मला सरकारकडून दर वर्षी नव्याने विकत घ्यायला मोकळीक. होडी बुडाली तर आधी मी बुडणार होतो. साहेब बुडणार नव्हते. तरी माणसं सुरक्षित नेण्याची काळजी त्यांना माझ्यापेक्षा जास्त. मी त्यांना विचारलं, की तरीवाला थांबल्यापासून इतकी वर्षं इथे होडीच नव्हती, तेव्हा ही काळजी कोणत्या कपाटात होती? साहेबांनी शिपायाला पंखा वाढवायला सांगितलं.

लिलावाला बांद्याकडचा एक मक्तेदार आला. बाजारकर वसूल करायचे मक्ते घेणं हाच त्याचा धंदा. त्याला वल्हं कुठल्या बाजूने धरतात हेही माहीत नसावं. तो माझ्या वर गेला. मी थांबलो. राग इतका होता की तो बोलत असलेल्या रकमेच्या पुढे जाऊन त्याचं तोंड बंद करावंसं वाटत होतं. पण रागाच्या भरात बोली लावणारा मी नव्हे.

गणपती झाल्यावर मक्तेदाराची होडी आली. तिच्याबरोबर दरपत्रकाचा बोर्ड आला, तिकिटाचं पुस्तक आलं, आणि बुडणाऱ्यासाठी एक लाल कडं आलं. ते चोरीला जाऊ नये म्हणून धक्क्यावरच्या खांबाला साखळीने बांधलं होतं. बुडणाऱ्याने आधी किल्ली मागायची. वेळ सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. मासे बाजारात पोचतात सातला. काकी पहिल्या दिवशी काठावर कुकारे घालून घसा बसवून घरी गेली. सरकारला दिलेला मक्ता तिकिटात, तिकीट काकीच्या टोपलीत, म्हणजे शेवटी तो कर भरणार कोण, तर खाडी ओलांडणारा बांगडा. एवढं सोपं गणित मांडणारी माणसं मोठ्या टेबलामागे बसत नाहीत.

दुसऱ्या दिवशी काकीने कुकारा घातला तो मक्तेदारासाठी नव्हता. मी गेलो. पैसे घेतले नाहीत, मासाही घेतला नाही. कुणाला आपल्या होडीतून फुकट नेऊ नये असा कायदा मला कुणी दाखवला नव्हता. हळूहळू सगळी वाडी माझ्याच होडीत. मक्तेदाराचा माणूस धक्क्यावर तिकिटं मोजत बसे. दिवाळीनंतर भात झोडून झालं तशी घराघरांतून एक-एक पायली माझ्या ओट्यावर आली. मक्तेदाराने तक्रार केली. साहेब स्वतः आले, पंच घेऊन.

"भाडं घेता?"

"नाही."

"मग हे भात कशाचं?"

"वानवळा. नवीन पीक आलं की शेजारी देतात. तुमच्याकडे देत नाहीत?"

साहेब मूर्ख नव्हते, हे मला कबूल करावं लागेल. त्यांनी पोत्यांकडे बघितलं आणि विचारलं, "सगळ्या घरांचा वानवळा एकाच मापाचा कसा?"

मी मागे वळून बघितलं. काकी मागे उभी होती.

"साहेबानू, वाडीत पायली एकच आसा. दुसरी घेवक तुमी अनुदान देतास काय?"

लोक हसले, आणि तिथेच माझं काम बिघडलं. हसू आलं नसतं तर साहेब कदाचित ताकीद देऊन गेले असते. त्यांनी होडी जप्त केली. पाण्यातून ओढून वर काढली, धक्क्याजवळच्या माडाला साखळीने बांधली, कुलूप घातलं, कुलपावर लाख लावली. मी म्हटलं, होडी लाकडाची आहे, उन्हात ठेवली तर फळ्या सुकून फाकतील. निदान वर झावळ्यांची झापं घालू द्या. साहेब म्हणाले, जप्त मालाला हात लावायचा नाही. माडाची सावली केवढी असते ते मी सांगायला नको.

मी रोज बघत होतो. पौषात ठीक होती. माघात दोन फळ्यांमधून पलीकडची वाळू दिसू लागली. स्वतःची वस्तू स्वतःच्या डोळ्यांसमोर मरताना बघायची आणि हात लावला तर आपणच चोर. बाजाराला जाता-येता बायका तिच्यावर कळशीभर पाणी ओतत. मक्तेदाराचा माणूस ओरडला तेव्हा काकी म्हणाली, "हात लावक नाय सांगल्यानी. पाणी लावक कोणी नाय सांगल्यानी?"

त्या माणसाची मक्ता निघेल एवढी तिकिटं खपत नव्हती. शिमग्याला तो गावी गेला तो आलाच नाही, आणि मक्तेदाराने आपली होडीही रातोरात नेली. बोर्ड राहिला, खांबाला बांधलेलं लाल कडं राहिलं. आता खाडीवर एकही होडी नव्हती. सरकारने व्यवस्था लावून दिली ती अशी.

मग लोकसभेची निवडणूक आली. आमच्या किनाऱ्याच्या वाडीचं मतदानही पलीकडच्या शाळेत, कारण दोन्ही वाड्यांची ग्रामपंचायत एक. मतदानाच्या आदल्या दुपारी एक जीप धक्क्यावर थांबली. आत यंत्राच्या पेट्या, दोन पोलीस, एक शिपाई, आणि निवडणुकीच्या कामाला जुंपलेले आमचे बंदराचे साहेब. धक्का रिकामा बघून ते माझ्या दारात आले.

"होडी सोडा. पलीकडे जायचंय."

"कुलूप तुमचं आहे, साहेब."

"किल्ली कचेरीत आहे. तोडा."

"मी? जप्त मालाला हात लावायचा नाही."

"मी सांगतोय ना. बरं, हातोडा तरी द्या."

"माझ्या हातोड्याने सरकारी कुलूप तुटलं, तर उद्या तो हातोडाही माडाला बांधाल."

शिपायाने माझ्याच कुंपणाच्या गडग्यातला चिरा उचलला. दोन घाव एका पोलिसाने घातले, शेवटचा साहेबांनी, कारण शिपाई आणि दुसरा पोलीस एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते. लाख फुटली, कुलूप पडलं. होडी पाण्यात ढकलली, सगळे चढले, पेट्या चढल्या. मी काठावर उभा राहिलो. मला कुणी काही विचारलं नव्हतं.

काठापासून दोन हातही गेली नसेल, आणि पाणी एका फटीतून नाही तर सगळ्या फटींतून आलं. साहेब पेटी डोक्यावर धरून गुडघाभर चिखलात उतरले.

"हे काय आहे?"

"ऊन," मी म्हटलं. "तुम्ही ठेवलेलं."

"दुरुस्त व्हायला किती वेळ?"

"भरतीच्या पाण्यात बुडवून ठेवायची. लाकूड फुगतं, फटी मिटतात. दोन भरत्या तरी लागतील."

"मग आम्ही आता जायचं कसं?"

"वरून पूल आहे, साहेब. लोकांना दोन एसट्या बदलाव्या लागतात. तुमच्याकडे जीप आहे."

ते गेले. कुलूप परत लावलं नाही. लावायचं म्हटलं तर आधीचं कुणी तोडलं ते लिहावं लागलं असतं. मी होडीत दगड घातले आणि तिला खाडीत बुडवली. त्या रात्री मला झोप आली नाही, हे खरं. लाकूड एका हद्दीपुढे सुकलं की फुगत नाही.

सकाळी दगड काढले, पाणी उपसलं. होडी तरली. एक फळी मात्र पाझरत राहिली. पुढे मी तिच्यावर काय काय केलं, डांबर, तेल, काथ्या, पण ती कायमची पाझरतच राहिली. तिच्याखाली एक डबा असतो. तो रिकामा करताना मी रोज जे बोलतो ते इथे लिहीत नाही.

मतदानाच्या दिवशी आमची वाडी त्या विनापरवाना होडीतून सरकार निवडायला गेली. शाळेच्या पायरीवर साहेब उभे होते. होडीतून उतरणारी माणसं त्यांना दिसत होती आणि ते दुसरीकडे बघत होते. दुपारी मी पलीकडच्या काठाला होडी लावून बसलो होतो, तेव्हा काकी शाळेतून आली ती बोटावरची शाई मला दाखवत.

"तू खंय दिलंस मत?"

"नाय दिलंय."

"कित्याक रे? आता तर दारात आसा शाळा."

मी डबा रिकामा करत होतो. तेवढ्यात अलीकडून कुणीतरी कुकारा घातला, आणि मी वल्हं उचललं.