वाटी बुडायच्या आधी

हसू नका हं, आधीच सांगून ठेवतो. चहा नाकात जाईल. घोटाळे माझ्या हातून आयुष्यभर झाले, पण घरी कुणी नवीन पाहुणा आला की बायको सांगते तो हाच. म्हटलं, तिच्याआधी मीच सांगून टाकावा. तिखटमीठ तरी जरा कमी पडेल.

नव्वदीतली गोष्ट. मी दूधविनायक मोहल्ल्यातला, जन्मापासून बनारसचा. एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट होतो. नोकरी साधी, पण डोकं कायम ढगात. आई म्हणायची, "ह्याला दूध आणायला पाठवा, हा गंगा बघून परत येतो." रिकामी बरणी घेऊन! आणि खरंच यायचो हो. सकाळी घाटावर उन्हात पाणी चमकायला लागलं की मी कुठे आहे, कशाला आलो, काही भान राहायचं नाही.

आमच्या कॉलेजकडे शिडाच्या आठ होड्या होत्या. फाल्गुनात पछुवा, म्हणजे पश्चिमेची हवा सुटली की मुलांची शर्यत व्हायची. ती पांढरी शिडं पाण्यावर डोलताना पाहिलीत ना, तर तुम्हीही बरणी विसराल.

आता शिडाच्या होडीला ब्रेक नसतो. एका जागी उभी राहा म्हटलं तर ती राहत नाही. म्हणून शर्यतीआधी सगळ्या होड्या सुरुवातीच्या रेघेच्या मागे गिरक्या घेत राहतात. पाच मिनिटं उरली की एक इशारा, चार उरली की दुसरा, एक उरलं की तिसरा, आणि चौथ्याला सुटायचं. जी होडी आधीच रेघ ओलांडेल, तिनं मागे फिरायचं, वळसा घालायचा आणि पुन्हा सुटायचं. एवढंच लक्षात ठेवा. पुढे माझ्यावरच येणार आहे ते.

शर्यतीचे प्रमुख दुबेजी इशारे द्यायचे शिट्टीनं. बनारसच्या घाटावर शिट्टी! तिथे नाववाले शिट्टी मारतात, पोरं मारतात, वर देवळात शंख वाजतो तो वेगळाच. आदल्या वर्षी निम्म्या होड्या कुणाच्या तरी भलत्याच शिट्टीवर सुटल्या आणि बक्षिसावरून मारामारी झाली. दुबेजी माझ्याकडे आले. "मास्टर, कुछ ऐसा बनाइए कि आदमी का हाथ ही न लगे."

बनवलं! ट्रकचा भोंगा कबाड्याकडून आणला, स्कूटरची बॅटरी लावली. पहिलं सर्किट दुपारच्या उन्हात तापलं की पाच मिनिटांची सहा करायचं. मग एक गजराचं घड्याळ फोडून त्यातला क्वार्ट्झ बसवला, तेव्हा कुठे सेकंदाला सेकंद जुळला. एकदा बटण दाबा आणि विसरा. चारही भोंगे आपोआप. घरी चाचणी घेतली, तर गल्लीतला सांड उधळून थेट पानवाल्याच्या चौकीवर चढला. पानवाला आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.

ह्याच सुमारास माझं लग्न ठरत होतं. मुलगी वसुधा, मंगला गौरीच्या देवळाजवळची. मला ती इतकी आवडली होती की विचारू नका. पण तिचे वडील, तात्याशास्त्री! ज्योतिष शिकवायचे. माझी कीर्ती त्यांच्या कानावर गेलेली होती.

"मुलगा चांगला आहे," ते माझ्यासमोरच म्हणाले, "पण तंद्रीत असतो. अहो, ह्याला लग्नाला उभं करायचं म्हणजे जोखीमच. बघा, मी स्पष्ट सांगतो. मुहूर्त एक पळ जरी हुकला, तरी मुलगी तशीच घरी घेऊन जाईन."

मी छाती काढून म्हणालो, "तात्या, वेळ पाळणं हा तर माझा विषय! माझं यंत्रच लावू या ना मांडवात."

"यंत्र तुमच्या होड्यांना. आमच्याकडे घटिका आहे."

घटिका म्हणजे तांब्याची वाटी, बुडाला बारीक भोक. पाण्यात तरंगत सोडायची. हळूहळू भरते आणि चोवीस मिनिटांनी बुडते. ती बुडाली की मुहूर्त. तात्यांचा घड्याळावर काडीचा विश्वास नव्हता.

लग्न ठरलं. मग घाटाच्या पायऱ्यांवर वसुधा आणि मी दोन-चारदा भेटलो. इतर मुलं काय काय बोलत असतील! मी तिला रेघ, गिरक्या, चार भोंगे, वळसा, सगळं नकाशा काढून समजावत होतो. ती बिचारी पदराआड जांभया देत होती. मला वाटलं, लाजते आहे!

शर्यत शनिवारी, लग्न रविवारी. झकास बेत. पण शनिवारी हवाच पडली. शिडं वाळत घातलेल्या धोतरांसारखी लोंबत राहिली. दुबेजींनी शर्यत रविवारी सकाळवर ढकलली. मला कळलं तेव्हा मी मुंडावळ्या बांधून बसलो होतो. तेव्हा मोबाइल कुठले! निरोप घेऊन आलेल्या माणसालाच सांगितलं, "म्हणावं, लाल बटण दाबा, बाकी ते बघेल."

लग्न भोसले घाटाजवळच्या एका घराच्या गच्चीवर होतं. मी पाटावर उभा, हातात माळ, समोर अंतरपाट धरलेला. पलीकडे वसुधा, तिच्यामागे तिचे नागपूरचे मामा, सहा फुटी. कोपऱ्यात तात्या घटिकेवर डोळे लावून बसलेले. मंगलाष्टकं सुरू झाली.

आणि अंतरपाटाच्या वरून मला काय दिसावं? गंगा! सगळं पात्र उन्हात न्हालेलं, पलीकडे वाळूचा पांढरा पट्टा, आणि मधे माझ्या आठ होड्या, सावकाश गिरक्या घेणाऱ्या. हवा सुटली होती. अंतरपाटही फुगत होता, सैलावत होता, शिडासारखा.

पोंऽऽऽ! पाच मिनिटं.

माझ्या अंगावर काटा आला हो. वाजलं! माझं यंत्र वाजलं! भटजींचा आवाज दूर दूर जायला लागला.

पोंऽऽऽ! चार.

आता मी गच्चीवर नव्हतोच. मी पाण्यावर होतो. वसुधा समोर बसली आहे, तिचा पदर उडतो आहे, सुकाणू माझ्या हातात आहे. लोक "शुभमंगल सावधान" म्हणत अक्षता टाकताहेत, आणि मला वाटतंय पाण्याचे तुषार उडताहेत. काय सुखाची वेळ होती ती! आयुष्यात तशी पुन्हा आली नाही.

पोंऽऽऽ! एक. मी ओठातल्या ओठात मोजायला लागलो. साठ, एकोणसाठ... दहा... तीन, दोन, एक...

पोंऽऽऽ!

"सुटले!" मी ओरडलो आणि दोन्ही हातांनी माळ अंतरपाटावरून फेकली.

ती मामांच्या गळ्यात.

पुढचं विचारू नका. बँडवाल्याला सांगून ठेवलं होतं, माळ वर गेली की वाजव. त्यानं वाजवलं. बँड वाजला म्हणून लोकांनी होत्या नव्हत्या त्या सगळ्या अक्षता उधळल्या. माझ्या काकूनं डोळे पुसत, न बघताच, मामांच्या तोंडात पेढा कोंबला. खाली आचाऱ्यानं "बैठिए, बैठिए!" पुकारलं आणि पंगत बसली सुद्धा! एकजण मामांचा हात हातात घेऊन म्हणत होता, "नांदा सौख्यभरे."

"थांबाऽऽ!" तात्या गरजले. "वाटी अजून तरंगते आहे!"

बँड थांबला. फक्त बँडातला एक तुतारीवाला आपला वाजवत राहिला, त्याला कुणीतरी चापट मारली.

तात्या उठले. चेहरा लालबुंद. "मी म्हटलं होतं की नाही? मुहूर्ताआधी माळ! हुकलाच ना! वसे, चल घरी."

माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं हो. आता सगळं संपलं, असंच वाटलं.

तेवढ्यात अंतरपाटाच्या मागून शांत आवाज आला.

"तात्या, वाटी बुडायला किती आहे?"

"असतील तीनेक मिनिटं. पण त्याचं काय?"

"मग मुहूर्त हुकला कुठे? तो तर यायचाय. आणि माळ मला पडलीच नाही, मामाला पडली. ह्यांच्या शर्यतीत नियम आहे. जी होडी आधी सुटेल तिनं मागे फिरायचं, वळसा घालायचा आणि पुन्हा सुटायचं. सगळं माफ."

जांभया देत देत सगळं ऐकलं होतं पोरीनं!

तात्या विचारात पडले. शास्त्री माणूस, नियम म्हटला की विरघळायचे. "म्हणजे प्रायश्चित्त सांगितलेलं आहे?" त्यांनी दाढी खाजवली. "मग हरकत नाही. जावईबापू, घाला वळसा!"

आणि मी घातला. मुंडावळ्या सावरत, सोवळं आवरत, गच्चीवरून खाली, बसलेल्या पंगतीच्या मधून, जिलब्यांच्या परातीला वळसा देऊन, मागच्या जिन्यानं पुन्हा वर. पंगतीतले लोक घास हातात धरून "और तेज! और तेज!" ओरडत होते. मी धापा टाकत पाटावर आलो. मामांनी माळ परत दिली. मुलांनी जमिनीवरच्या अक्षता गोळा करून वाटल्या. गच्चीवर कुणी हलेना. आणि वाटी बुडाली. बुडुक! त्या आवाजाइतकं गोड मी पुढे काही ऐकलं नाही.

दुपारी दुबेजी लाडूंचा डबा घेऊन धावत आले. सगळ्यांच्या देखत मला मिठीच मारली.

"मास्टर, कमाल कर दिया! आठ की आठ नाव, एक भी टाइम से पहले नहीं छूटी!"

वसुधानं मान खाली घातली, पदर सावरला आणि हळूच म्हणाली,

"एक छूटी थी, सर. उसी से मेरी शादी हुई है."