विहिरीपाशी अडकतं

जुनं ते सोनं म्हणणाऱ्या माणसाने किशोरचा कॉम्प्युटर एकदा सुरू करून बघावा. बटण दाबून चहा टाकला, तर चहा आधी होतो.

कासार आंबोलीतल्या किशोरने कॉलेजात असताना तो गेम खेळायला घेतला, तेव्हा त्यातलं ग्राफिक्स कार्ड बघायला घोटावड्याहून पोरं यायची. आता किशोर त्याच घोटावड्यात एका कारखान्यात सुपरवायझर आहे, कपाळावरचे केस मागे हटलेत आणि खेळायला सवड नाही. तरी त्याने तो खोका भंगारात दिला नाही, कारण त्यात रान होतं.

झालं होतं असं, की घरचं रान विकलं गेलं त्या वर्षी किशोरने, रागाने म्हणा की हट्टाने म्हणा, जमीन-घरं उभारायच्या एका गेममध्ये ते जसंच्या तसं बांधून काढलं. भाताची खाचरं, बांध, विहीर, विहिरीवरचा आंबा, पलीकडे डोंगर. खऱ्या रानात आज बंगले आहेत, भोवती भिंत आहे, आणि फाटकावरचा वॉचमन किशोरच्या वडिलांना, हैबतरावांना, विचारतो, "किसके यहाँ जाना है?"

विकताना सही हैबतरावांचीच होती. त्यानंतर रानाचं नाव या बापलेकांत कधी निघालं नाही. म्हाताऱ्याला त्याचं काही सोयरसुतक नाही, अशी किशोरने समजूत करून घेतली होती, आणि तो राग त्याने दुभत्या जनावरासारखा सांभाळला.

परवा डॉक्टरांनी हैबतरावांना काचबिंदू सांगितला. नजर गेली ती परत येणार नाही, उरली ती थेंबांनी टिकते का बघू, म्हणाले. घरी आल्यावर चपला काढता काढता हैबतराव म्हणाले, "किशोर, तू ते आपलं रान केलं व्हतंस ना मशिनीत? दाव की. इहिरीपत्तुर ने."

रविवारी सकाळीच किशोर कॉम्प्युटर उघडून बसला. खाचरांपर्यंत ठीक चालायचं, पण विहिरीकडे वळलं की चित्र ठेचकाळत ठेचकाळत थांबायचंच. आधी त्याने अख्खा गेम काढून परत टाकला. रोग म्हशीला आणि औषध पखालीला. मग झाकण उघडलं. कार्डाच्या पंख्यांवर धुळीचा थर बसला होता, तो ब्रशने काढला. आतल्या चिपवरची, उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळून खडू झाली होती, ती पुसून नवी लावली. कार्ड फार तापलं की स्वतःला वाचवायला आपोआप मंद होतं. आता तापणं थांबलं, बरंच सुधारलंही, पण विहिरीपाशी अडकायचं ते अडकायचंच. तिथे पाणी, आंब्याची सावली आणि मागचा डोंगर एकदम समोर येतात. वय झालेल्या कार्डाला एवढं एका वेळी झेपेना.

"नवा घ्यावा लागंल, आबा."

"घे की. पन आज काय व्हतंय ते बग."

"मंग थोडंथोडं बंद करावं लागंल. सावली काडतो. लई हलकं व्हईल."

हैबतराव खुर्चीत पुढे सरकले. "सावली काडल्यावर आंबा कशाला ठिवतो?"

"बरं, डोंगर काडू? नुसतं धुकं दिसंल."

"न्हाई."

"पानी तरी साधं करू. हालनार न्हाई, निळं दिसंल."

हैबतराव हळू आवाजात म्हणाले, "ती रान घेनारी मानसं बी आसंच म्हनली व्हती. आदी रस्त्यापुरतं द्या. मंग म्हनली, खालची खाचरं द्या, बाकी तुमालाच ऱ्हाईल. मंग इहीर. दर खेपंला मला वाटायचं, यवढंच तर हाय. आता काय द्यायचं न्हाई बग मला."

किशोरचा हात माऊसवर तसाच राहिला. इतकी वर्षं हा माणूस आपल्यापेक्षा जास्त झुरत होता आणि आपण शेजारच्या खोलीत राहून ओळखलं नाही, हे त्याला आत्ता कळलं. त्याने सावली, पाणी, डोंगर, सगळं होतं तसं ठेवलं.

मग दोघं निघाले. पाऊल पडायचं, अडायचं, पुन्हा पडायचं. किशोर ओशाळला की हैबतराव म्हणायचे, "बिगीनं कुटं जायचंय?" बांध आला तेव्हा ते पुढे वाकून म्हणाले, "जपून. हितं निसरडं हाय." किशोर खरंच जपून चालला.

आंब्याखालून विहिरीच्या काठावर आले, खाली पाणी दिसलं आणि चित्र गोठलं. माऊस हलेना, पंखे घरघरू लागले. बंद करून पुन्हा सुरू करायला किशोरने बटणाकडे हात नेला, तर हैबतरावांनी त्याचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे रं," ते म्हणाले. "दिसतंय मला."