सेल संपल्यावरच्या ओव्या

भुताखेतांच्या गोष्टी मी कायम हसण्यावारी नेल्या. नगरात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. वायर, करंट, सेल — यापलीकडे काही असतं हे मला कुणी पटवू शकलं नव्हतं. तरीही हे लिहितोय...

दुष्काळाचं साल. खर्ड्याच्या सोनाआत्याच्या घशात गाठ निघाली. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही. आत्या रडली नाही. "जाऊ दे. पन सुमनच्या हळदीला जात्यावर ओव्या मीच म्हननार!" सुमन तिची एकुलती मुलगी, लग्न उन्हाळ्यात.

तोवरचे टेपरेकॉर्डर स्पूलचे — ट्रंकेएवढे, विजेवरचे. आत्याच्या वस्तीवर वीज नव्हती. पण माझ्या एका गिऱ्हाइकाने परदेशातून नवा कॅसेटवाला आणला होता. सेलवर चालणारा, खांद्याला अडकवता येणारा. तो मागून घेतला आणि एस.टी. धरली.

दुपारी जात्याशेजारी माईक ठेवला. दोन ओव्या झाल्या आणि कॅसेटची चाकं रेंगाळत थांबली. सेल संपले! अख्ख्या खर्ड्यात सेल मिळेनात. शेजाऱ्यांच्या बॅटरीतलेही मेलेले. आणि सकाळी आत्याची पुण्याची गाडी.

"आत्या, आता नाही जमायचं."

"तुझ्या यंत्राचं तू बघ. माझा आवाज अजून संपला न्हाई. दाब बटन."

तिचं मन मोडवेना म्हणून दाबलं. जवळपास अर्धा तास ती गायली. खोकला यायचा, तांब्यातून घोटभर पाणी प्यायची, की पुन्हा सुरू. मी समोरच होतो. कॅसेटच्या खिडकीतली चाकं एकदाही हलली नाहीत.

ऑपरेशन झालं. निदान पहिल्या दोन ओव्या तरी आहेत का बघावं, म्हणून नगरला नवे सेल घालून कॅसेट लावली. दोन झाल्या... आणि तिसरी सुरू झाली. मग चौथी. सगळ्या! खोकल्यासकट, तांब्याच्या आवाजासकट. बरं, कमजोर सेलवर भरलेली टेप नंतर चिरकी, पळती वाजते. इथे आवाज आत्याचाच — जाडा, संथ. तेच मेलेले सेल घालून मी दुसऱ्या कॅसेटवर पुन्हा पुन्हा करून पाहिलं. दर वेळी टेप कोरी.

हळदीच्या दिवशी आत्यानं जात्याचा खुंटा धरला, मी कॅसेट लावली. बायका डोळे पुसत होत्या. ती मात्र ताठ बसून, ओठ हलवत, शेवटच्या ओवीपर्यंत दळत राहिली. सुमन तिच्या खांद्याला टेकून बसली होती.

पुढे आयुष्यभर टेपरेकॉर्डरच उघडत बसलो. त्या दुपारचं उत्तर एकातही सापडलं नाही.