‘अवं’ म्हणताच

पाय मोडल्यामुळे बनुबाई नगरच्या दवाखान्यात होती आणि इकडे नेवाशाला तिच्या लाडक्या मांजरीने, चिमीने, चार दिवस दुधाला तोंड लावले नव्हते. शेवटी तिच्या नवऱ्याने, गहिनीनाथांनी, तिला फोन लावला आणि आवाज वाढवून मोबाईल चिमीपुढे धरला.

“चिमे, ए चिमे! दूध पी गं माझी बाय!” बनुबाई विनवू लागली. चिमीने कानसुद्धा हलवला नाही.

“वळखलं का तिनं?”

“न्हाई,” गहिनीनाथ चाचरत म्हणाले.

“चार दिसांत इसरली भवानी!” बनुबाईचा आवाज कातर झाला. मग ती म्हणाली, “अवं, तुमी तरी जेवलात का?”

त्याबरोबर चिमी ताडकन उठली. चाळीस वर्षांत बनुबाईने नवऱ्याचे नाव घेतले नव्हते. रोज ‘अवं’ म्हणूनच ती त्यांना ताटावर बोलवायची, आणि त्या ताटातला भाकरीचा पहिला तुकडा चिमीचा असायचा.

चिमी धावत स्वयंपाकघरात गेली, विझलेल्या चुलीभोवती फिरली आणि दाराकडे तोंड करून ओरडू लागली.

“काय झालं? अवं, बोला की!”

चिमी आणखीच मोठ्याने ओरडली. गहिनीनाथांना फोन बंद करवेना; त्यांनी तो पुन्हा चिमीपुढे धरला.