दाराबाहेरचा साबण

नानांनी फाइल उघडली नाही. आधी नाकाशी नेली.

रेकॉर्ड रूम सांभाळायच्या नोकरीला लागून मला आठवडाच झालेला. नाना म्हणजे आमच्या संस्थेचे ऑफिस सुपरिंटेंडेंट. ठाण्यात शाळा चालवणारी संस्था, आणि तिथलं पानही त्यांच्याशिवाय हलायचं नाही. समोर शाळेचे दोन मास्तर बसलेले. नानांनी फाइलचा पुठ्ठा हुंगला, फाइल टेबलावर टाकली आणि मला म्हणाले, "हात दाखव."

मी दाखवले. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. त्यांनी लांबूनच मान पुढे काढून वास घेतला.

"मासळी बाजारातून थेट येतेस का गं?"

मास्तर हसले. आमची टायपिस्ट मंगलताई, तीही हसली. मीसुद्धा हसले. त्या हसण्याची चीड मला आजही येते.

माझी आई कोपरीला मासळी विकायची. पण तिच्या पाटीला मी सकाळी हात लावत नसे. आंघोळ करून, पावडर फासून, इस्त्रीची साडी नेसून निघायचे. तरी दुसऱ्या दिवशी रेकॉर्ड रूमच्या दाराबाहेर, नळाशेजारी, खिळा ठोकून साबणदाणी लावलेली. लाल कार्बोलिक साबण. तो फक्त मला. शिपाई विडी ओढून तसाच यायचा. नाना तपकीर ओढून त्याच बोटांनी कागद चाळायचे, पानापानावर डाग. ते चालायचं.

मी रोज हात धुतले. वर्षानुवर्षं. घरी गेल्यावरही घासायचे, सवयच लागलेली. आई एकदा म्हणाली, "इतके हात कला घासतंस गो? मासलीच खाल्लीस ना? चोरी तं नाय केलीस?"

मी तिच्यावरच खेकसले.

काम मात्र मला आवडायचं, अगदी मनापासून. मी आले तेव्हा ती खोली म्हणजे उकिरडा होता. रुमालात बांधलेली जुनी दप्तरं, त्यात वाळवी, उंदराच्या लेंड्या. मी एकेक गाठोडं सोडलं. कागद उन्हात टाकले, झटकले, शाळेप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे लावले, कपाटांवर चिठ्ठ्या डकवल्या. कुठल्या मास्तरचं सर्व्हिस बुक मागा, चहा निवायच्या आत टेबलावर. नाना ते हुंगायचे आणि सही करायचे.

मग कॉम्प्युटर आला. नव्वद साल उलटून गेलेलं. त्याच्यासाठी वेगळी खोली, एसी, काचेचं दार, बाहेर चपला काढायच्या. सगळं रेकॉर्ड त्यात भरायचं ठरलं. मी दारातून फायली द्यायच्या, वाचून दाखवायचं, आत रोजंदारीवर बसवलेल्या माणसाने कीबोर्ड बडवायचा. नाना म्हणाले होते, ऑफिसतर्फे एकाला डोंबिवलीला कॉम्प्युटरच्या क्लासला पाठवू, रेकॉर्ड हिचं आहे तर हिलाच पाठवू. तेव्हापासून मी रोज त्या काचेतून आतली खुर्ची बघायचे. मला ती हवी होती. हावरटासारखी हवी होती.

खंडेनवमीला ऑफिसात पूजा असायची. टाइपरायटर, स्टेपलर, पंच मशीन, सगळ्याला गंध-फूल. त्या वर्षी कॉम्प्युटरची पूजा. मी नारळ घेऊन काचेच्या दाराशी गेले तर नाना म्हणाले, "तू बाहेरच थांब. देवाचं आहे."

आमच्या घरी नवरात्रात मासळी शिजत नसे. आईचे नऊ दिवस उपास. पण विचारतो कोण?

मी बाहेरून बघत राहिले. त्या मोठ्या लवचीक फ्लॉप्या, मधे खाच असते आणि आतली तपकिरी चकती दिसते, त्या नानांनी चौरंगावर मांडल्या. मूळ संच, जादा संच, दोन्ही. तेव्हा आमचं सगळं त्या फ्लॉप्यांतच असायचं. नानांनी ओल्या बोटाने प्रत्येकीला कुंकू लावलं. नेमकं त्या खाचेत, जिथे देव बसला असेल असं त्यांना वाटलं. मंगलताईने फुलाने वर पाणी शिंपडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवून आरती म्हटली.

दसऱ्यानंतर मशीन एकही फ्लॉपी वाचेना. कंपनीचा माणूस आला, त्याने उघडून बघितलं, म्हणाला, ओला हात लागलाय. कित्येक महिन्यांचं काम गेलं. माझ्या घशाने वाचलेलं काम.

नानांनी सगळ्यांना बोलावलं. माझ्याकडे बघून म्हणाले, ही सारखी हात धुते आणि तशीच ओल्या हाताने वावरते. मग आवाज मऊ केला. सर्वांसमोर चूक झाली म्हण, विषय मिटला. क्लासला नाव तुझंच जाईल.

चोराच्या उलट्या बोंबा. आणि वर खुर्चीचं आमिष. खोटं कशाला बोलू, जिभेवर आलेलं. एक वाक्य, आणि खुर्ची माझी. पण आईचं ते बोलणं आठवलं. चोरी तं नाय केलीस?

मी म्हटलं, "नाना, पूजेच्या दिवशी मला दाराच्या आत तुम्हीच येऊ दिलं नाही. मग माझा हात आत पोचला कसा?"

मंगलताई आपल्या टाइपरायटरची रिबीन बघत बसली. पाणी तिनेच शिंपडलेलं. मी तिच्याकडे बघत होते, तिने मान वर केली नाही.

क्लासला नानांचा भाचा गेला. खुर्चीवरही तोच बसला. मला मेमो मिळाला, उद्धट वर्तनाबद्दल.

त्या दिवशी मी दाराबाहेरची साबणदाणी खिळ्यासकट उपटली आणि नानांच्या टेबलावर ठेवली, तपकिरीच्या डबीशेजारी. म्हटलं, हा साबण तुम्हाला लागेल. हात न धुता रेकॉर्ड रूममध्ये गेले आणि फायली काढायला बसले.

काढून टाकतील म्हणून वाट बघितली. नाही काढलं. फाइल मागायचे, मी नेऊन द्यायचे, आणि ते पुठ्ठा नाकाकडे न्यायला लागले की मी ती त्यांच्या हातातून परत घ्यायचे. वाचायची असेल तर घ्या, म्हणायचे.

माझे हात कामासाठी पुढे येतील. हुंगायला पुन्हा कोणाला मिळायचे नाहीत.