आप्पांनी ठेवलेला ढाळ

आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला घेऊन निघालो, त्या सकाळी मी तिच्याशी खोटं बोललो. ती उंबऱ्यात उभी होती, हातात कुलूप. म्हणाली, "माघारी घराला कुनी हात लावनार न्हाई ना रं?" मी म्हणालो, "कोण लावतंय? डोळा बरा झाला की आणून सोडतो." तेव्हा पुण्यात तिच्या घरासाठी घेतलेल्या नव्या फरशीच्या फळ्यांचे खोके टेम्पोत चढलेले होते. मांजरसुंब्याला आम्ही चहाला थांबलो, तेव्हा मला वाटलं, तो टेम्पो इथूनच उलटा जाईल. त्या विचारानं मी गालातल्या गालात हसलो. मला आईला सरप्राइज द्यायचं होतं. या शब्दाला आमच्या नांदूरघाटात दुसरा शब्द नाही. माणसाच्या माघारी, त्याला न विचारता त्याच्या घरात काही केलं तर आमच्याकडं त्याला सरळ चोरी म्हणतात.

हे मी माझ्यासारख्या गाव सोडून गेलेल्यांसाठी लिहितोय, आणि मागं राहून आमचे फोन उचलणाऱ्यांसाठी. वाचून कुणाला बरं वाटावं असं यात काही नाही.

मी स्वतः गाव सोडलं तो सोमवार होता. आमचं लिंगायताचं घर. सोमवारी आई सगळं घर बादल्या ओतून धुवायची आणि मग विभूती लावून पूजेला बसायची. त्या सोमवारी तिनं घर धुतलं नाही. घरातलं माणूस परगावी निघालं की ते पोचल्याचं कळेपर्यंत मागं झाडायचं नाही, धुवायचं नाही, ही तिची रीत. घरी फोन नव्हता. शेजारच्या दुकानात फोन करून निरोप देता आला असता, पण नवं शहर, एका खोलीत पाच-सहा पोरं, मला सुचलंच नाही. पुढं कधीतरी सलीमनं सांगितलं. सलीम माझा शाळासोबती. स्टँडजवळ त्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे आणि आमच्या घराची दुसरी किल्ली त्याच्याकडं असते. तो म्हणाला, "तू गेलतास तवा आठवडाभर मावशीनं पानी टाकलं न्हाई. तुज्या चपलीची माती दारात पडलेली, ती वलांडून जायची." त्यावर मी हसलो होतो. किती अडाणी आहेत आपली माणसं, असं म्हणालोही असेन.

त्या घराची फरशी आप्पांनी बसवून घेतलेली. आप्पा म्हणजे माझे वडील. गावात त्यांचं किराणा दुकान होतं. साधी शहाबादी फरशी, करड्या रंगाची, कुठं गुळगुळीत, कुठं खरबरीत. देवघरापासून दारापर्यंत तिला ढाळ ठेवलेला. नुसत्या डोळ्याला तो दिसायचा नाही. गवंडी फरशा बसवत असताना आप्पा शेजारी पाण्याचा तांब्या घेऊन बसायचे. एक ओळ झाली की पाणी सोडायचे, आणि ते मध्येच थांबलं तर फरशी उचलायला लावायचे. गवंडी वैतागला. म्हणाला, "शेटजी, घर बांधताव का कॅनॉल?" आप्पांचं ठरलेलं उत्तर होतं, "पानी आपलं आपन भाईर गेलं पायजे. ढकलावं लागलं तर ती फरशी कशाची?" उंबऱ्याशेजारी भिंतीत तळाला त्यांनी मुठीएवढं भोक ठेवलं होतं. आई देवापुढं बादली ओतायची आणि पाणी सगळं घर फिरून त्या भोकातून अंगणातल्या तुळशीकडं जायचं. टँकरच्या उन्हाळ्यात भाज्या धुतलेलं पाणी साठवून ती सोमवारची एक बादली करायची, पण सोमवार मोडायची नाही.

मी पुण्यात फ्लॅट घेतला आणि काही वर्षांनी त्यात व्हिनाइलच्या फळ्या बसवल्या. लाकडासारख्या दिसणाऱ्या, फिक्या रंगाच्या, वॉटरप्रूफ. शोरूममधला मुलगा टाय लावून नमुने दाखवत होता. "सर, लाइट ओक घ्या. घर मोठं दिसतं, धूळ दिसत नाही, पाणी सांडलं तरी टेन्शन नाही." बायको, सुनीता, म्हणाली, "छान आहे, पण पाय टेकला की पोकळ वाटतं." मला पोकळ वाटलं नाही. मला वाटलं, आलो आपण एकदाचे कुठंतरी. आता त्या फळीकडं बघितलं की डोकं फिरतं. ओकचं झाड मी जन्मात बघितलेलं नाही. आमच्याकडं बाभळ आणि लिंब. ज्या झाडाखाली कधी बसलो नाही, त्या झाडाचा फोटो छापलेल्या प्लास्टिकवर मी रोज चालत होतो आणि स्वतःला सुधारलेला समजत होतो.

तिथंच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण आपल्या लोकांना एक रोग असतो. आपण शहरात जे घेतो ते गावातल्या घरात नेऊन बसवल्याशिवाय आपल्याला आपलं घेतलेलं खरं वाटत नाही. दिवाळीला दोन दिवस जायचं, आल्या आल्या हे पाडा, ते बदला, हे किती जुनं झालंय म्हणायचं, आणि तिसऱ्या दिवशी गाडी काढायची. राहणारं माणूस राहतं मागं, आपल्या हौशीत पाय अडकवून.

आई पुण्यात डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून झोपलेली असताना सलीमचा फोन आला. मी मीटिंगमध्ये होतो. बाहेर येऊन उचलला.

"अबे, तुजं ते फळ्या बसवनारं पुन्याचं पोरगं म्हनतंय, फरशी एकसारकी न्हाई. वरून सिमेंटचं पातळ वतून लेवल करावी लागंल. आरं, तो ढाळ हाय आप्पांचा. बुजवू का?"

"बुजव. वॉटरप्रूफ आहे रे ते. पाण्याला कुठं जायची गरजच नाही."

"आन मावशी सोमवारी काय करंल?"

"ओलं फडकं मारायचं. पुसायची फरशी आहे ती, धुवायची नाही."

"सांगितलंस का तिला?"

"सांगतो."

सांगितलं नाही. सरप्राइज होतं ना.

एका रविवारी तिला परत नेलं. सलीम दार उघडून बाजूला उभा राहिला. आईनं चपला काढल्या, एक पाय आत ठेवला आणि तसाच उचलला.

"ही कुनाची?"

"तुझीच, आई."

"माजी कुठं हाय?"

"खाली आहे ना. तिच्यावरच बसवलीय."

"मंग वर कावून?"

मी फोटो काढले. आई मधोमध उभी, नव्या डोळ्यानं खाली बघतेय. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले. फुलं आली, अंगठे आले, मुलगा असावा तर असा, असंही आलं. त्याच संध्याकाळी मी पुण्याला निघालो. निघताना आई म्हणाली, "पोचलास की फोन कर." पोचल्यावर उशीर झाला म्हणून झोपलो. सकाळी ऑफिसला जाताना गाडीतून फोन केला, "पोचलो गं." ती म्हणाली, "बरं झालं," आणि फोन ठेवला.

ती त्या फोनचीच वाट बघत होती. सोमवार होता. मी पोचल्याचं कळल्यावर तिनं बादली भरली, देवघरापाशी नेली आणि ओतली, जशी जन्मभर ओतत आली होती. पाणी हललं नाही. जायला वाट नव्हती. भिंतीतलं भोकसुद्धा कारागिरानं पट्टी मारून बंद केलं होतं, आणि कडा नीटनेटकी दिसावी हे मीच सांगितलं होतं. फिक्या चकचकीत फळीवर साचलेलं पाणी तिला दिसलं नाही. खराटा घ्यायला वळली आणि पडली. खुबा मोडला. सलीम आणि त्याची बायको रेहाना, दोघांनी तिला बीडला दवाखान्यात नेलं.

मी पोचलो तेव्हा ती वॉर्डात पडून होती. मी काय करायला हवं होतं ते कुणालाही कळेल. मी मात्र खेकसलो. शेजारच्या खाटांवरची माणसं बघत होती.

"धुवायची नसते ती फरशी! सांगितलं होतं ना तुला? किती वेळा सांगायचं?"

आईनं माझ्याकडं बघितलं. कपाळावरची विभूती घामानं ओघळली होती. ती आठवायचा प्रयत्न करत होती, हे मला दिसत होतं. मग हळू आवाजात म्हणाली, "सांगितलं आसशील. मीच इसरले आसंल."

सलीम दारात उभा होता. त्याला खरं माहीत होतं. तो माझ्याकडं बघत राहिला आणि बाहेर निघून गेला.

त्या एका वाक्यावर मी पुढचं सगळं उभं केलं, याची मला सगळ्यात जास्त चीड येते. येईल त्याला मी सांगू लागलो, आईला आता आठवत नाही, सांगितलेलं लक्षात राहत नाही, तिला एकटं ठेवणं धोक्याचं आहे. माणसं मान हलवायची. घराला कुलूप लावलं आणि तिला पुण्याला आणलं. सगळ्यांच्या लेखी मी आईची काळजी घेणारा मुलगा झालो. खरं तर मी माझी चूक तिच्या डोक्यात ठेवून दिली होती.

आणि ती चूक तिथं वाढायला लागली. गॅस बंद केला की आई दोनदा जाऊन बघायची. चष्मा ठेवला तर सुनीताला सांगून ठेवायची. जिला नांदूरघाटातल्या प्रत्येक घरातल्या लेकी कुठं कुठं दिल्यात ते पाठ होतं, ती साध्या गोष्टीला म्हणायला लागली, "मला सांगितलंतं का हे? का हे बी इसरले?" मी ऐकायचो आणि पेपर वाचायचो. एका सकाळी ती वॉकर धरून खाटेवर बसली होती, पाय फळीवर टेकलेले. म्हणाली, "हितं बी हीच फरशी, आन तितं बी हीच. जाग आली की पाय खाली टेकते तर कळतच न्हाई मी कुठं हाय. हे बी म्हातारपनच आसंल, न्हाई?"

सुनीता स्वयंपाकघरातून बाहेर आली. आईला चहा दिला आणि मला आत बोलावून म्हणाली, "त्यांना वेड लागायच्या आधी तुम्ही खरं बोलणार आहात का?" मी तिला कधी काही सांगितलं नव्हतं. तिनं ओळखलं होतं.

तरी बोललो नाही. मी काय केलं, तर रजा टाकली आणि एकटा नांदूरघाटला गेलो. बोलण्यापेक्षा राबणं सोपं. सलीम पहार आणि छिन्नी घेऊन आला. आम्ही पट्टी काढली, फळ्या उचलल्या. खालच्या फोमला कुबट वास येत होता, भिंतीच्या कडेला पाणी मुरून पोपडे धरले होते. फळ्यांना मात्र काहीही झालेलं नव्हतं. शोरूमवाला खोटं बोलला नव्हता. पाण्यानं फळी बिघडली नाही, माझी आई मोडली. मी एक फळी भिंतीवर आपटली. ती तुटलीसुद्धा नाही.

"आपट, आपट," सलीम म्हणाला. "तिचीच चूक हाय समदी."

सिमेंट निघता निघत नव्हतं. छिन्नीचा घाव चुकला की खालची शहाबादी फुटायची. सलीम मध्येच थांबला आणि म्हणाला, "तुला येक विचारू का बे? दवाखान्यात तू तिला तसं का बोललास?"

"घाबरलो होतो."

"ती पडली म्हनून?"

मी छिन्नी मारत राहिलो. ती पडली म्हणून घाबरलो नव्हतो. माझं नाव निघेल म्हणून घाबरलो होतो.

सगळं साफ झालं नाही. काही फरशा गेल्या, देवघराच्या कोपऱ्यात सिमेंटचा डाग राहिला तो राहिलाच. मग आईला आणलं. ती वॉकर टेकत आत आली, चपला काढून पाय ठेवला, बोटं जरा दाबली. भिंतीला हात लावत देवघरापर्यंत गेली आणि खुर्ची मागितली. ठरलं असं, की रेहाना सकाळ-संध्याकाळ येईल आणि सोमवारी आई खुर्चीत बसून तांब्यानं पाणी सोडेल, रेहाना खराटा मारेल. जेवताना आई रेहानाला म्हणाली, "मला आठवन देत जा बाई. मला आता ध्यानात ऱ्हात न्हाई." मी समोर बसलो होतो. ताटातली भाकरी मोडत राहिलो. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, निघालो तेव्हा ती दारात म्हणाली, "पोचलास की फोन कर."

मला कुणी विचारलं की तुमचं घर कुठं, तर मी पुण्याचा पत्ता सांगतो. पण मी पोचेपर्यंत जे घर धुतलं जात नाही, ते माझं घर. एवढी वर्षं मी निष्काळजीपणे त्याला ताटकळत ठेवलं, आणि मग त्याची वाटच बुजवून टाकली.

पुण्यात शिरलो. पार्किंगमध्ये गाडी उभी केली, वर गेलो नाही. तिथूनच फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"पोचलास?"

"पोचलो."

"बरं. रेहाना आली हाय. टाकते पानी."

"आई, थांब जरा. फोन ठिवू नको."

पलीकडं बादलीची कडी वाजली आणि थांबली.

"ती फरशी धुवायची न्हाई, हे मी तुला सांगितलंच न्हवतं. कवाच न्हवतं सांगितलं. दवाखान्यात खोटं बोललो समद्यांसमोर. तू कायबी इसरली न्हाईस, आई. तुजं डोकं शाबूत हाय. मी चुकलो. मला माफ कर."