सात नंबरचं खाद्य

पशुखाद्याच्या एका छोट्या कारखान्यात मी चाचण्या बघायची. एकदा आम्ही बारा वेगवेगळी मिश्रणं गावोगावच्या म्हशींना घालून पाहिली, प्रत्येक मिश्रण पाच-सहा म्हशींना. सात नंबरनं सगळ्यांना मागं टाकलं. म्हशीमागं दिवसाला दीड लिटर दूध वाढलं. मी तो आकडा पोत्यावर छापायला दिला.

मग नेसरी गावाकडच्या वीसेक घरांत तेच खाद्य दिलं. दूध जेमतेम पेलाभर वाढलं. मला वाटलं, पोती दुसरीकडंच जातायत. एका बाईंच्या गोठ्यात, शेजारीपाजारी उभे असताना, मी सरळ विचारलं, "खाद्य विकलं तर नाही ना?"

त्यांचा धार काढणारा हात थांबला. "रेडकू हुती तवापास्नं मीच वाढवलीया हिला. हिच्या तोंडचं काढून इकीन, असं वाटतंय व्हय तुम्हास्नी?"

कोल्हापुरात परतल्यावर मी कॉलेजातल्या संख्याशास्त्राच्या सरांकडे गेले. चोरी कशी पकडायची, हे विचारायला. सरांनी चाचणीच्या आधीच्या महिन्याच्या नोंदी मागितल्या. तेव्हा सगळ्या म्हशी नेहमीचंच खात होत्या. प्रत्येक म्हशीच्या दुधाची एक चिठ्ठी करून, मिसळून, त्यांनी मला बारा ढीग करायला लावले.

"आता पहिल्या पंधरवड्यापेक्षा दुसऱ्यात कुठल्या ढिगाचं दूध किती वाढलं, ते काढ."

चौथा ढीग पहिला आला. म्हशीमागं वाढ सव्वा लिटर. मी बेरीज पुन्हा तपासली. चिठ्ठ्या पुन्हा मिसळल्या, तर नववा ढीग पहिला, तोही लिटरभराच्या वर. कुणाच्याही पुढ्यात नवं काही पडलेलं नसताना.

"बारांतला सगळ्यात वरचा उचललास," सर म्हणाले, "की त्याच्या गुणाबरोबर त्याचं त्या वेळचं नशीबही उचललं जातं. म्हणून निवडल्यावर नव्या म्हशींवर पुन्हा मोजायचं असतं."

"नेसरीत मोजलं की, सर."

"मग तेच खरं उत्तर होतं. तू त्याला चोरी म्हणालीस."

छापलेली पोती परत मागवली. मी नेसरीला जाऊन बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"हे समद्यांसमोर सांगा. इचारलं बी समद्यांसमोरच हुतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी, डेअरीत दूध घालायला आलेल्या रांगेपुढं उभी राहून मी चूक सांगितली.